प्लास्टर निघाल्यावरचं दुखणं

बाथरूममध्ये पाय घसरला, सावरायला म्हणून हात टेकला आणि मनगट मोडलं. पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की हाडांच्या दवाखान्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. पाच-सहा आठवडे प्लास्टर, पुढे थोडे व्यायाम, की झालं. बहुतेकींचं तसंच होतं. काहींना मात्र प्लास्टर कापल्यावर आतून निघालेला हात आपला वाटतच नाही. बोटं सुजून तुळतुळीत झालेली, कातडी कधी लालभडक तर कधी जांभळट, तळवा घामाने ओला. मूठ वळत नाही. आणि दुखणं असं, की पंख्याचा वारा लागला तरी कळ डोक्यात जावी. डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, "हाड झकास जुळलंय, काळजी करू नका." हाड खरोखरच जुळलेलं असतं.

या दुखण्याला कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम म्हणतात, बोलताना सीआरपीएस. मनगट मोडणं हे त्याचं सगळ्यांत ठळक निमित्त, पण एकमेव नव्हे. मुरगळलेला घोटा, हातावरची किरकोळ शस्त्रक्रिया, पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात, यातलं काहीही पुरतं. कधी कधी तर रुग्णाला निमित्तही आठवत नाही. पायापेक्षा हाताला हा त्रास जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांना तिप्पट-चौपट. किती जणांना होतो, या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्याच्या नोंदींवरून २००३ साली निघालेला आकडा होता वर्षाला लाखामागे साडेपाच नवे रुग्ण. नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात तोच आकडा सव्वीसच्या घरात गेला. एवढी तफावत पडायचं मोठं कारण म्हणजे हा आजार रक्तात किंवा फिल्मवर सापडत नाही. निकष कोणते लावले आणि कुणी लावले, त्यावर मोजदाद ठरते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. किती दुखतंय आणि किती इजा आहे, यांचा एरवी जो मेळ असतो, तो या आजारात सुटलेला असतो. दुखणं अस्सल, इजा मात्र भरून आलेली. हे रुग्णाच्या, घरच्यांच्या आणि काही वेळा डॉक्टरांच्याही गळी उतरत नाही, आणि त्यातच सुरुवातीचे मोलाचे महिने जातात.

आजार तसा जुना. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फिया शहरी टर्नर्स लेन नावाचं एक रुग्णालय खास मज्जातंतूंच्या जखमांसाठी चालवलं गेलं. सायलस वेअर मिचेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या सैनिकांच्या निरीक्षणांवर १८६४ साली पुस्तक लिहिलं. गोळी हाताच्या किंवा पायाच्या नसेला चाटून गेलेली, जखम केव्हाच भरलेली, पण आग थांबत नाही. हे सैनिक हाताला सतत ओलं फडकं गुंडाळून बसत. काही जण तर बुटात पाणी ओतून घेत. कुणी शेजारी वर्तमानपत्राची घडी उलगडली, वॉर्डातून कुणी पावलं वाजवत गेलं, बाहेर लष्करी बँड वाजला, तरी दुखणं उसळे. मिचेल यांनी आणखी एक टिपून ठेवलं आहे: चांगली शांत स्वभावाची माणसं या आगीपायी चिडखोर होतात. स्वभाव बिघडतो तो दुखण्यामुळे, हा क्रम त्यांनी बरोबर लावला होता. गंमत अशी, की हेच मिचेल पुढे गाजले ते बायकांच्या 'नसांच्या विकारां'वर आठवडेच्या आठवडे अंथरुणात निजवून ठेवण्याच्या उपचारासाठी. ज्या दुखण्याचं त्यांनी इतकं नेमकं वर्णन केलं, त्याला सगळ्यांत जास्त मारक काय असेल तर अशी सक्तीची विश्रांतीच.

१९०० साली हॅम्बुर्गच्या पाऊल झुडेक या सर्जननी क्ष-किरणांच्या तेव्हा नव्याच असलेल्या तंत्राने अशा हातांची हाडं विरळ झालेली दाखवली. जुने डॉक्टर अजूनही 'झुडेक्स' म्हणतात ते यावरून. १९४६ पासून 'रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी' हे नाव रूढ झालं. ज्येष्ठांच्या जुन्या फायलींमध्ये आरएसडी अशी अक्षरं दिसली तर तो हाच आजार. आजचं नाव १९९४ चं. ठळक नसेला इजा झालेली नसेल तर पहिला प्रकार, झालेली असेल तर दुसरा. मनगटाच्या हाडानंतरचे बहुतेक रुग्ण पहिल्या प्रकारात मोडतात.

आत नेमकं काय बिघडतं? एकच एक बिघाड नाही, म्हणून तर कोडं सुटायला इतकी वर्षं लागताहेत. सुरुवातीला जोर असतो दाहाचा. कातडीतल्या बारीक नसांची टोकं फक्त निरोप वर पोचवत नाहीत. ती स्वतः काही रसायनं सोडतात, त्यांनी रक्तवाहिन्या फुलतात, पाणी पाझरतं, हात गरम आणि लाल होतो. रक्तवाहिन्यांवर आणि घामावर ताबा ठेवणारी जी आपोआप चालणारी मज्जासंस्था आहे तिचंही तंत्र बिघडतं. म्हणून एक हात दुसऱ्यापेक्षा अंशभर गरम किंवा गार लागतो, एकाच तळव्याला घाम येतो, एकाच हाताची नखं आणि केस वेगळ्या गतीने वाढतात. काही महिन्यांनी बऱ्याच जणांचा गरम हात गार पडतो, निळसर दिसू लागतो. पण आग तेवढीच राहते. काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच नसांवर उलटणारी प्रतिपिंडं असावीत, असंही संशोधन लिव्हरपूलच्या गटाने पुढे आणलं. त्यावरून प्रतिपिंडांचं इंजेक्शन देऊन पाहण्याची मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कमी मात्रेत तरी त्याचा उपयोग दिसला नाही.

मला सगळ्यांत अचंबा वाटतो तो मेंदूच्या बाजूचा. मणक्यातल्या आणि मेंदूतल्या दुखण्याच्या वाटा सतत वापरून इतक्या हुळहुळ्या होतात, की स्पर्शाचा साधा निरोपही त्यांवरून जाताना कळ होऊन पोचतो. चोर कधीच पळाला, तरी दूधवाल्यावर, पेपरवाल्यावर आणि शेवटी घरच्या माणसांवरही भुंकत सुटलेल्या कुत्र्यासारखी ही यंत्रणा वागते. कुत्रं आजारी नाही, खोटंही बोलत नाही. त्याला फक्त कुणी गप्प करू शकत नाही. त्यापुढची पायरी आणखी विचित्र आहे. रुग्णाला डोळे मिटायला लावून विचारलं तर आपला हात आहे त्याहून मोठा वाटतो. फोटोतला हात डावा की उजवा, हे ओळखायला दुखऱ्या बाजूसाठी जास्त वेळ लागतो. ऑस्ट्रेलियाच्या लॉरिमर मोझली यांच्या गटाने २००८ साली मोजक्या रुग्णांवर एक प्रयोग केला. दुर्बिणीतून दुखरा हात मोठा करून दाखवला, तर हालचालीनंतर दुखणं आणि सूज दोन्ही वाढली. दुर्बीण उलटी धरून हात लहान दाखवला, तर दोन्ही कमी झाली. सूज! म्हणजे हात कसा दिसतो यावर पाणी किती पाझरतं हे थोडंफार ठरतं. नुसती हालचालीची कल्पना केली तरी काहींचा हात सुजतो, हेही याच गटाने दाखवलं.

'मग हे मनाचंच आहे ना?' हा प्रश्न इथे हमखास येतो. नाही. अमुक स्वभावाच्या माणसांना सीआरपीएस होतो, असं शोधूनही सापडलेलं नाही. मेंदूत घडणारी गोष्ट म्हणजे मनाचे खेळ, असं समजायचं तर पक्षाघातालाही मनाचे खेळ म्हणावं लागेल. चिंता, उदासी, उडालेली झोप यांनी दुखणं वाढतं हे खरं, पण तसं ते गुडघ्याचंही वाढतं.

निदानाकडे वळू. त्यासाठी एकच एक चाचणी नाही. २००३ मध्ये बुडापेस्टला तज्ज्ञांची बैठक भरली आणि तिथून जे निकष निघाले ते आज सगळीकडे चालतात. मूळ इजेच्या मानाने फार जास्त आणि न थांबणारं दुखणं, ही पहिली अट. मग चार अंगांनी पाहायचं: स्पर्शाची संवेदना, रंग आणि तापमान, सूज आणि घाम, हालचाल आणि नखं-केस-कातडी. चारांपैकी किमान तीन अंगांत रुग्णाची तक्रार हवी, आणि किमान दोन अंगांत तपासताना डॉक्टरांना स्वतःला फरक दिसायला हवा. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत तीच सुटते: दुसऱ्या कुठल्या आजाराने हे सगळं नीट समजावता येत नाही ना? जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, फार आवळलेलं प्लास्टर, मनगटात दबलेली नस, न जुळलेलं हाड हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं. एक्स-रे, एमआरआय, नसांची चाचणी, रक्त हे सगळं त्यासाठी. पहिल्या प्रकारात या तपासण्या बऱ्याचदा नॉर्मल येतात, आणि रुग्ण घाबरतो की आता कुणी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही.

इथे एक अगदी साधी गोष्ट फार कामाला येते. सूज आणि रंग दिवसभर सारखे राहत नाहीत. सकाळी हात बरा दिसतो, संध्याकाळी भाजीची पिशवी उचलली की टम्म फुगतो. अपॉइंटमेंट नेमकी सकाळची असते. मोबाइलवर दोन्ही पंजे शेजारी शेजारी ठेवून, त्याच उजेडात, दिवसातून एक-दोनदा फोटो काढून ठेवावेत. डॉक्टरांना दहा मिनिटांत जे पटवता येत नाही ते तेवढ्याने पटतं.

आणि लवकर ओळखायचं तर प्लास्टर निघेपर्यंत थांबायची गरज नाही. मोझली यांच्याच गटाने मनगट मोडलेल्या दीड हजारांवर रुग्णांचा मागोवा घेतला. शेकडा चारच्या आसपास लोकांना चार महिन्यांत सीआरपीएस झाला, आणि पहिल्याच आठवड्यात दहापैकी पाच किंवा त्याहून जास्त दुखणं सांगणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त होता. तेव्हा प्लास्टर घातल्यावर आठवडा उलटला तरी रात्र रात्र झोप नसेल, बोटं सुजत असतील, तर 'हाड मोडलंय, दुखणारच' असं म्हणून गप्प बसू नये. तडक जाऊन दाखवावं. निदान प्लास्टर घट्ट झालंय का, हे तरी कळेल. प्लास्टरच्या बाहेरची बोटं, कोपर, खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहणं हे तर प्रत्येकानेच करायचं. झोळीत हात घालून सहा आठवडे पुतळ्यासारखं बसणारे पेशंट आपल्याकडे फार, आणि त्यांना तसं बसवणारे नातेवाईक त्याहून जास्त. रोज पाचशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पन्नास दिवस घेतल्याने सीआरपीएस टळतो, असं १९९९ च्या डच अभ्यासावरून अनेक डॉक्टर सांगतात. २०१४ साली एडिंबरामध्ये पुन्हा तपासलं तेव्हा फायदा दिसला नाही. गोळी स्वस्त आहे, डॉक्टरांनी दिली तर घ्यावी. पण तिच्या भरवशावर बोटं हलवायची राहू नयेत.

उपचारांचा कणा म्हणजे हात वापरात आणणं, आणि हे ऐकायला जितकं सोपं तितकंच करायला जिवावरचं. फिजिओथेरपीच्या खोलीत अशा बाया लगेच ओळखू येतात: हात पदराखाली किंवा ओढणीत लपवलेला, दुसऱ्या हाताने त्याला जपलेलं, जवळून कुणी गेलं की अंग चोरणं. "काकू, आधी हात बाहेर काढा, टेबलावर ठेवा आणि त्याच्याकडे बघा," असं सांगितलं जातं, आणि अनेकींना पहिल्या दिवशी ते बघणंही जमत नाही. समोर वाट्या असतात. एकीत कापूस, एकीत रवा, एकीत तांदूळ, पुढे राजमा. शेजारी टर्किश टॉवेलचा तुकडा. आधी चांगला हात त्यात फिरवायचा, कसं वाटतंय ते नीट लक्षात घ्यायचं, मग दुखरा. सुरुवात कापसाने, तीही मिनिटभर. दिवसातून अनेकदा. कापूस सोसायला लागला की रवा. राजम्यापर्यंत पोचायला कुणाला आठवडे लागतात, कुणाला महिने.

ज्यांचा हात हलवतासुद्धा येत नाही त्यांच्यासाठी मेंदूच्या बाजूने वर चढणारी वाट आहे. पहिले दोन आठवडे नुसते हातांचे फोटो पाहून डावा-उजवा ओळखायचा. मोबाइलवर त्यासाठी ॲप मिळतात. पुढचे दोन आठवडे हात न हलवता हालचालीची कल्पना करायची. शेवटचे दोन आठवडे आरसा. छातीसमोर आरसा उभा धरायचा, दुखरा हात त्याच्या मागे, चांगला पुढे. चांगल्याची हालचाल आरशात बघायची म्हणजे दुखराच हात सहज हलतोय असं मेंदूला दिसतं. आरशाची ही युक्ती मूळची व्ही. एस. रामचंद्रन यांची, तुटलेल्या हाताच्या भासमान वेदनांसाठी त्यांनी नव्वदच्या दशकात वापरलेली. टप्पे याच क्रमाने घेतले तर फायदा जास्त, उलटसुलट घेतले तर कमी, असं मोझली यांना आढळलं. म्हणून यूट्यूबवर आरशाचा व्हिडिओ बघून थेट तिथून सुरुवात करण्यात अर्थ नाही.

हात थोडा सोसायला लागला की वजनाचे व्यायाम. १९८७ साली अमेरिकेतल्या दोघांनी मांडलेली एक पद्धत अजून वापरात आहे: ओणवं होऊन ब्रशने फळी घासायची, आणि हातात वजन धरून चालायचं. वाचताना मला हसू आलं. फरशी पुसणं आणि बाजारातून पिशवी आणणं हे आपल्याकडच्या बायकांना उपचार म्हणून कुणी लिहून दिलं असतं का! पण तत्त्व पक्कं आहे. कणीक मळणं, पोळी लाटणं, धुतलेला रुमाल पिळणं ही कामं घरच्यांनी 'तू बस, मी करते' म्हणून हिसकावून घेऊ नयेत. थोडी थोडी तिच्याकडेच ठेवावीत. मर्यादा ओळखण्याचा ठोकताळा असा: व्यायामाने दुखणं वाढलं आणि तास-दोन तासांत खाली आलं, तर चालेल. दुसऱ्या दिवसापर्यंत हात भडकलेला राहिला, तर उद्या निम्मं करायचं. निम्मं. शून्य नाही.

याच्या अगदी उलट टोकाचीही चूक होते. कुणीतरी जाणकार गाठून गरम तेलाने रगडून घेतलं, आखडलेली बोटं जोर लावून सरळ करून घेतली, की हात आणखी पेटतो. फार गरम शेक नको, कारण हुळहुळत्या कातडीला भाजलेलं नीट कळत नाही. बर्फात हात बुडवून ठेवणंही नको. क्षणभर बरं वाटतं, पुढे रक्तवाहिन्या आणखी बिथरतात.

औषधांबद्दल फार आशा लावू नये, पण त्यांना उगीच घाबरूही नये. त्यांचं काम हात हलवता येण्याइतकं दुखणं खाली आणणं. सुरुवातीच्या गरम, सुजलेल्या अवस्थेत स्टिरॉइडचा छोटा कोर्स उपयोगी पडतो. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून. हाडं ठिसूळ होण्यावर देतात त्या बिसफॉस्फोनेट गटातल्या औषधांनी काहींना चांगला उतार पडतो. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, रात्री अमिट्रिप्टिलिनची लहान गोळी. ही मुळात नैराश्याची म्हणून केमिस्टकडच्या पत्रकात वाचून अनेकजण बंद करतात, ती इथे झोप आणि दुखणं दोन्हींसाठी असते. पेन क्लिनिकमध्ये मानेतल्या नसांच्या गुच्छापाशी इंजेक्शन देतात. त्याचा पुरावा लेचापेचा आहे, पण ज्यांना त्यातून काही तास किंवा दिवस मोकळीक मिळते त्यांनी ती मोकळीक लगेच व्यायामात घालवायची. घरी जाऊन झोपायचं नाही. मणक्यात तार बसवून विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र ही फार पुढची, लाखांच्या खर्चाची पायरी. नेदरलँड्समधल्या चाचणीत त्याने सुरुवातीला दुखणं स्पष्ट कमी केलं, पाच वर्षांनी मात्र फरक फारसा उरला नव्हता. आणि हात किंवा पाय कापून टाकणं हा जवळजवळ कधीच मार्ग नाही. कापल्यावरही आग तशीच राहू शकते, किंवा उरलेल्या भागात चढते.

मुलांमध्ये हा आजार जास्त करून मुलींना, आणि हातापेक्षा पायाला होतो. फिजिओथेरपी नेटाने केली तर त्यांचं बहुधा लवकर आणि चांगलं निभावतं. शाळा मात्र चुकवू द्यायची नाही. मोठ्यांमध्येही पहिल्या वर्षात अनेकांचा हात बराचसा ताळ्यावर येतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभरातल्या पंधराएक जणांना दोन वर्षांनंतरही सतत दुखणं आणि अडचण राहते.

या उरलेल्यांची परवड सरकारी कागदावर सुरू होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत, त्यांत सीआरपीएस नावाने नाही. बोटं आखडली असतील, पकड गेली असेल, तर अस्थिव्यंगाच्या प्रकारात टक्केवारी काढून घेता येते. नुसतं दुखणं असेल तर त्याला मोजपट्टी नाही, आणि टेबलापलीकडच्या माणसाला हात धडधाकट दिसतो. म्हणून पहिल्या दिवसापासूनची कागदपत्रं, ते दोन पंजांचे फोटो, फिजिओथेरपिस्टने वेळोवेळी मोजलेली पकड आणि सांध्यांची हालचाल एका फाइलीत ठेवावी. हीच फाइल पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञांनाही दाखवायची. त्याच हातावरची शस्त्रक्रिया टाळता येण्यासारखी असेल तर दुखणं शांत होईपर्यंत थांबतात. नसेल तर हात बधिर करूनच करतात, आणि सलाइनची सुई नि रक्तदाबाचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला लावतात.